पंपाचा स्टार्टर आणि त्याची जोड-उपकरणे : दोष नेमका कोठे, हे कसे शोधावे

विहिरीवरील विजेच्या पंपाच्या पेटीत पूर्वी मेन स्विच, तीन फ्यूज आणि स्टार्टर एवढाच सरंजाम असे. आज त्याच पेटीत किंवा तिच्या शेजारी भिंतीवर आणखी चार-पाच उपकरणे आढळतात. एक फेज गेल्यास मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर, विहिरीतील पाणी संपल्यास मोटार थांबविणारा ड्राय रन प्रिव्हेंटर, वीज येताच पंप आपोआप चालू करणारा ऑटो स्विच, घरबसल्या फोनवरून पंप चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टरचे यंत्र, आणि कपॅसिटर. ही उपकरणे मूळ पंपाचे भाग नव्हेत. ती निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या दुकानांतून आणलेली आणि पुष्कळदा निरनिराळ्या वायरमननी जोडलेली असतात. त्यामुळे पंप चालेनासा झाला की दोष मोटारीचा, स्टार्टरचा, वीजपुरवठ्याचा, की या मागाहून जोडलेल्या उपकरणांपैकी एखाद्याचा, असा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने दिले जाते.

रब्बी हंगामात हा अंदाज महागात पडतो. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, म्हणजे मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाण्याचा ताण बसला तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. जेथे कृषिपंपांना वीज पाळीने मिळते, तेथे दोन-तीन पाळ्या पंप चालू-बंद होण्यात गेल्या की पिकाच्या पाण्याची वेळ टळते. अशा घाईत दोन गोष्टी घडतात. एक तर जे उपकरण लाल दिवा दाखवीत असेल, ते वायरमनकडून ‘डायरेक्ट’ करून घेतले जाते, म्हणजे त्याच्या दोन तारा एकत्र पिळून त्यास कामातून दूर केले जाते. पंप चालू होतो, सर्वांस समाधान वाटते, आणि त्याच आठवड्यात मोटार जळते. किंवा याच्या उलट, चेन-कप्पी लावून बोअरमधून पाणबुडी मोटार वर काढली जाते, रिवाइंडिंगच्या दुकानात नेली जाते, आणि मोटार निर्दोष असून वर पेटीतील लहानसे यंत्र बिघडले होते, असे कळते. दोन्ही प्रकारांत खर्च होतो. दुसऱ्या प्रकारात निदान मोटार तरी वाचते.

थांबविणारे उपकरण तेच बिघडलेले, ही समजूत या गोंधळाच्या मुळाशी आहे. प्रिव्हेंटरचे कामच मुळी मोटार थांबविणे हे आहे. त्याने मोटार थांबविली एवढ्यावरून तो बिघडला असे ठरत नाही, आणि तो शाबूत आहे असेही ठरत नाही. तो एक साक्षीदार आहे. त्याने दिलेली साक्ष खरी की खोटी, हे दुसऱ्या पुराव्यावरून ठरवावयाचे असते, आणि तो पुरावा म्हणजे विजेचा दाब व प्रवाह यांचे मोजमाप. उपकरण काढण्यापूर्वी हे मोजमाप केले तर निम्म्याहून अधिक वेळा उपकरण काढण्याची गरजच पडत नाही.

पेटीतील दोन मार्ग

दोष शोधण्यासाठी स्टार्टरची रचना ढोबळ मानाने समजून घेणे जरूर आहे. त्यात विजेचे दोन मार्ग असतात. पहिला भार वाहणारा मार्ग. तीन फेज फ्यूजमधून कॉन्टॅक्टरच्या संपर्कांवर येतात, तेथून ओव्हरलोड रिलेतून व केबलने मोटारीकडे जातात. दुसरा हुकमाचा मार्ग. तो एका फेजपासून निघून लाल बटण, हिरवे बटण, नो-व्होल्ट कॉइल आणि ओव्हरलोड रिलेचा लहान संपर्क यांतून दुसऱ्या फेजला मिळतो. हिरवे बटण दाबले की कॉइलमध्ये चुंबकत्व येऊन ती कॉन्टॅक्टर ओढून घेते. बटणावरील बोट काढले तरी एक लहान धारक संपर्क हा मार्ग जोडलेला ठेवतो. वीज गेली, लाल बटण दाबले किंवा रिले सुटला की मार्ग तुटतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो.

जोड-उपकरणे या रचनेत तीनच ठिकाणी शिरतात. ऑटो स्विच व मोबाईल यंत्र यांचा चालू करणारा भाग हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. म्हणजे माणसाच्या बोटाऐवजी तो बटण दाबतो, एवढेच. प्रिव्हेंटर, ड्राय रन प्रिव्हेंटर आणि मोबाईल यंत्राचा बंद करणारा भाग हे लाल बटणाच्या रांगेत, एकामागून एक असे जोडलेले असतात. त्यांपैकी कोणीही मार्ग तोडला की पंप थांबतो. कपॅसिटर मात्र हुकमाच्या मार्गात नसतो. तो भाराच्या तिन्ही तारांवर बसतो.

एवढे ध्यानात ठेवले की नुसत्या लक्षणांवरून बरेच काही समजते. हिरवे बटण हाताने दाबल्यावर पंप नीट चालतो, परंतु वीज आल्यावर आपोआप चालू होत नाही, तर दोष ऑटोचा किंवा त्याच्या तारांचा; मोटार व स्टार्टर यांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. बटण दाबूनही कॉइल ओढत नाही, तर हिरव्या बटणास समांतर असलेले उपकरण निर्दोष समजावे आणि रांगेतील उपकरणे, कॉइल, हुकमाच्या मार्गातील फ्यूज व वीजपुरवठा यांकडे वळावे. बटण दाबलेले असेपर्यंत पंप चालतो आणि बोट काढताच सुटतो, तर बहुधा स्टार्टरचा धारक संपर्क झिजलेला किंवा त्यात मुंग्या अडकलेल्या असतात. पेटीत मुंग्यांचे वारूळ व पाली सापडणे ही थट्टेची बाब नव्हे. संपर्कात चिरडलेली मुंगीसुद्धा पंप बंद ठेवू शकते.

थांबण्यास लागणारा वेळ हीदेखील मोठी खूण आहे. पंप चालू होऊन काही सेकंदांतच थांबत असेल, तर प्रिव्हेंटर किंवा ड्राय रन यंत्र यांनी मार्ग तोडलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांनी थांबत असेल, तर ओव्हरलोड रिले तापून सुटत असण्याचा संभव अधिक, कारण त्यातील धातूची दुहेरी पट्टी उष्णतेने वाकण्यास वेळ लागतो. असा रिले निवल्याखेरीज पुन्हा बसत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने थांबत असेल आणि ही मुदत फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यागणिक घटत चालली असेल, तर ड्राय रन यंत्र खरे बोलत आहे. विहीर तेवढ्या वेळात उपसत आहे. हीच मुदत आज पाच मिनिटे, उद्या दोन तास, परवा एक मिनिट अशी वेडीवाकडी असेल, तर यंत्र, त्याच्या तारा किंवा वीज यांचा संशय घ्यावा.

लाल बटण दाबूनही पंप थांबत नसेल, तर प्रकरण गंभीर आहे असे समजावे. कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले आहेत किंवा ऑटोच्या तारा लाल बटणास वगळून जोडल्या गेल्या आहेत. अशा वेळी मेन स्विच पाडून पंप बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो चालवू नये.

पेटी उघडण्यापूर्वी

जोड-उपकरणांमुळे पेटीत एक नवा धोका आलेला आहे. साध्या स्टार्टरची वीज गेली की तो बंदच राहतो. ऑटो असलेला पंप मात्र वीज येताच, आणि मोबाईल यंत्र असलेला पंप घरातील कोणी फोन लावताच, सुरू होतो. त्या वेळी एखाद्याचा हात पेटीत असू शकतो. म्हणून मेन स्विच पाडणे पुरेसे नाही. तिन्ही फ्यूज काढून काम करणाऱ्याने ते आपल्या खिशात ठेवावे आणि ज्यांच्या फोनचे क्रमांक यंत्रात नोंदलेले आहेत, त्या सर्वांस आधी कळवावे. कपॅसिटरमध्ये वीज गेल्यानंतरही विद्युतभार साठून राहतो. तो उतरविणारे रोधक त्यात बसविलेले असतात, परंतु ते तुटलेले असू शकतात. म्हणून किमान पाच मिनिटे थांबून, मीटरने खात्री करूनच त्याच्या अग्रांस हात लावावा. तारा सोडणे व जोडणे हे काम परवानाधारक वायरमननेच करावे. ओल्या जमिनीवर, अनवाणी, रात्री विजेरीच्या उजेडात पेटीशी झटणे हा आजवर अनेकांच्या जिवावर बेतलेला उद्योग आहे.

शेतकऱ्याने स्वतः करण्यासारखे काम म्हणजे पाहणे, मोजणे व लिहून ठेवणे. तेवढेच काम वायरमनचा निम्मा वेळ वाचविते.

साक्ष खरी की खोटी

प्रथम सर्व उपकरणे जागच्या जागी असताना मोजमाप करावे. तीन फेजपैकी दर दोहोंमधील दाब मोजल्यास तीन आकडे मिळतात. दाब नाममात्र ४१५ व्होल्ट असला, तरी रोहित्रापासून, म्हणजे ज्यास डीपी म्हणतात तिच्यापासून, दूर असलेल्या विहिरींवर तो बराच कमी भरतो. आकडा कमी असण्यापेक्षा तीन आकडे एकमेकांशी न जुळणे अधिक घातक असते. उदाहरणार्थ, तीन दाब ४००, ३९० व ३८० व्होल्ट भरले, तर त्यांची सरासरी ३९० आणि सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १० व्होल्ट, म्हणजे सुमारे अडीच टक्के. हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु दाबातील विषमता मोटारीच्या प्रवाहात साधारणपणे सहा ते दहा पट होऊन उमटते. म्हणजे प्रवाहात १५ ते २५ टक्के तफावत पडते. एका वेटोळ्यावर त्यामुळे जादा प्रवाह येऊन ते तापत राहते. अशा स्थितीत प्रवाह पाहणारा प्रिव्हेंटर पंप थांबवीत असेल, तर त्यास दोष देणे म्हणजे राखण करणाऱ्या कुत्र्याने भुंकल्याबद्दल त्यास मारण्यासारखे आहे.

हे मोजमाप पंप बंद असताना व चालू असताना, असे दोन्ही वेळा करावे. रिकाम्या तारेवर दाब पूर्ण दिसतो आणि भार पडताच एका फेजवर कोसळतो, असे पुष्कळदा घडते. किटकॅट फ्यूजची सैल पकड, गंजलेला सांधा किंवा खांबावरील ढिली जोडणी ही त्याची नेहमीची कारणे होत. टेस्टरचा दिवा तिन्ही फेजवर पेटला म्हणजे तिन्ही फेज आहेत, असेही समजू नये. एक फेज तुटलेला असला तरी स्वतःच्या कॉइलमधून किंवा शेजारच्या चालू मोटारीतून उलट फिरून आलेली वीज टेस्टरचा दिवा पेटविते. याच कारणाने नुसता दाब पाहणारा प्रिव्हेंटर कधी कधी फसतो. मोटार चालू असताना एक फेज गेला, तर फिरती मोटार त्या तुटलेल्या फेजवर स्वतःच जवळजवळ पुरा दाब निर्माण करते आणि प्रिव्हेंटरला तिन्ही फेज असल्याचा भास होतो. उरलेल्या दोन तारांतील प्रवाह मात्र सुमारे पावणेदोन पट होतो. मोटार जळून प्रिव्हेंटर गप्प राहिला अशी तक्रार जेथे येते, तेथे प्रिव्हेंटर दाब पाहणारा आहे की प्रवाह पाहणारा, हे प्रथम विचारावे.

आणखी एक प्रकार गावोगाव दिसतो. रोहित्र बदलल्यावर किंवा वाहिनीची दुरुस्ती झाल्यावर एकाच डीपीवरील अनेक शेतकऱ्यांचे प्रिव्हेंटर एकाच दिवशी ‘बिघडतात’. दाब पूर्ण असतो, तिन्ही आकडे जुळतात, तरी लाल दिवा जात नाही. येथे फेजचा क्रम उलटलेला असतो. बरेच प्रिव्हेंटर उलट क्रमावर पंप चालू होऊ देत नाहीत, कारण त्या क्रमाने मोटार उलटी फिरून पाणी नाममात्र देते. येणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की सर्व सुरळीत होते. असे प्रिव्हेंटर बदलण्यात किंवा डायरेक्ट करण्यात किती पैसा गेला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वेगळे करून पाहणे

दाबाची तपासणी निर्दोष ठरली आणि तरीही पंप थांबत असेल, तरच उपकरण वेगळे करून पाहावे. येथे एकच नियम कसोशीने पाळावा: एका वेळी एकच बदल. प्रिव्हेंटर काढला, त्याच फेरीत ड्राय रन यंत्राचा खुंटा फिरविला आणि कपॅसिटरही सोडला, तर पंप चालू होईल. परंतु दोष कोणाचा होता, हे कधीच कळणार नाही आणि तीनही उपकरणे अडगळीत जातील.

हिरव्या बटणास समांतर असलेले उपकरण वेगळे करणे सोपे असते. त्याच्या दोन्ही तारा सोडून टोकांस टेप गुंडाळावी. रांगेतील उपकरण सोडताना मात्र तुटलेला मार्ग तात्पुरत्या तारेने जोडावा लागतो. सोडलेल्या प्रत्येक तारेस रंगीत टेपची खूण करावी. मग एका माणसाने मेन स्विचपाशी उभे राहावे, दुसऱ्याने क्लॅम्प मीटर हाती घ्यावा आणि पंप चालू करून तिन्ही तारांतील प्रवाह पाहावा. प्रवाह पाहिल्याशिवाय संरक्षक उपकरण वगळून पंप चालविणे ही तपासणी नव्हे, तो जुगार होय. हा प्रयोग दोन-तीन मिनिटांपलीकडे नेऊ नये.

तिन्ही प्रवाह जवळपास सारखे आणि मोटारीच्या नामपट्टीवरील आकड्याच्या आत असतील, तर वगळलेले उपकरण खोटे बोलत होते. तरी ते लगेच फेकू नये. पुष्कळदा उपकरण चांगले असून त्याचे सेटिंग चुकलेले असते. ड्राय रन यंत्र मोटारीचा प्रवाह ठरावीक पातळीखाली उतरला म्हणजे पाणी संपले असे मानते. मोटार रिवाइंड केल्यावर तिचा प्रवाह बदलतो आणि जुने सेटिंग निरुपयोगी ठरते.

प्रवाह विषम भरला, तर उपकरण निर्दोष आहे. पंप तत्काळ थांबवावा. आता विषमता पुरवठ्यातून येते की मोटारीतून, हे ठरविण्यासाठी मोटार बाहेर काढण्याची आवश्यकता नाही. स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारा एकेक घर पुढे सरकवाव्यात: पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. याने मोटारीची फिरण्याची दिशा बदलत नाही. समजा, प्रथम प्रवाह ६.९, ७.१ व ९.१ अँपिअर होता. तारा सरकविल्यावर ९.१ चा आकडा स्टार्टरच्या त्याच अग्रावर राहिला, तर दोष पुरवठ्याकडून येत आहे. तो आकडा केबलच्या तारेबरोबर पुढच्या अग्रावर गेला, तर दोष केबलमध्ये किंवा मोटारीत आहे, आणि मगच मोटार वर काढण्याचा विचार करावा. या एका युक्तीने एक दिवसाची मजुरी आणि चेन-कप्पीचे भाडे वाचते.

एक उपकरण दुसऱ्यास फसविते तेव्हा

सर्वांत अधिक घोटाळा कपॅसिटरमुळे होतो, आणि तोही कपॅसिटर चांगला असताना. कपॅसिटर मोटारीला लागणाऱ्या प्रवाहाचा एक भाग जागच्या जागी पुरवितो. त्यामुळे तारेतून येणारा प्रवाह घटतो. ५ अश्वशक्तीची एखादी मोटार ०.८ शक्तिगुणकावर ७.५ अँपिअर घेत असेल, तर २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसविल्यावर तारेतील प्रवाह सुमारे सव्वासहा अँपिअरवर येतो. मोटार तेवढेच काम करीत असते, पाणी तेवढेच येत असते; परंतु ड्राय रन यंत्राचे प्रवाह पाहणारे कडे कपॅसिटरच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूस असेल, तर त्यास प्रवाह एकाएकी उतरलेला दिसतो. विहीर आटली, असे समजून ते पंप थांबविते. शेतकऱ्याच्या दृष्टीने गोष्ट अशी घडते की, कपॅसिटर बसविल्यापासून पंप टिकेना. मग कपॅसिटर काढला जातो, पंप चालतो, आणि कपॅसिटरने मोटार बिघडते अशी वार्ता गावभर पसरते. वास्तविक ड्राय रन यंत्राचे सेटिंग नव्या प्रवाहास अनुसरून खाली आणणे एवढेच करावयाचे होते. कपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या पुढे मोटारीच्या बाजूस जोडला असल्यास रिलेचे सेटिंगही त्याच प्रमाणात उतरविणे जरूर असते. एरवी रिले मोटारीवरील जादा भार ओळखण्यास उशीर करील.

कपॅसिटर खरोखर बिघडला असेल तर त्याचीही खूण मिळते. डबा फुगतो, तेल पाझरते किंवा एका फेजवरील भाग आतून तुटतो. तुटलेल्या भागामुळे तीन तारांतील प्रवाह असमान होऊन प्रिव्हेंटर सुटू लागतो. अशा वेळी सर्व दोष प्रिव्हेंटरवर येतो. कपॅसिटर सोडून प्रवाह पुन्हा मोजावा. तो समान झाला तर गुन्हेगार सापडला.

शेजाऱ्याच्या पेटीची मदत

एखादे उपकरण दोषी आहे असे दिसूनही खात्री पटत नसेल, तर ते तितक्याच अश्वशक्तीच्या व तशाच स्टार्टरच्या, नीट चालणाऱ्या शेजारच्या पंपावर लावून पाहावे. तेथेही तोच त्रास झाला तर उपकरण बदलावे. तेथे ते गुमान चालले तर दोष मूळ पेटीतच आहे. मात्र उपकरण किती व्होल्टचे आहे हे आधी वाचून घ्यावे. पंपाच्या पेटीत न्यूट्रल नसल्याने बहुतेक कॉइल व उपकरणे दोन फेजमधील ४१५ व्होल्टची असतात, तर काही २४० व्होल्टची; चुकून अदलाबदल झाल्यास चांगले उपकरण क्षणात जळते.

कधी तरी येणारा व कधी तरी जाणारा दोष या सर्व प्रयोगांना दाद देत नाही. वायरमन येतो तेव्हा पंप साधुसंतासारखा चालतो. त्यावर वहीसारखा उपाय नाही. तारीख, वीज आल्याची वेळ, पेटीवरील व्होल्टमीटर व अँमीटर यांचे आकडे, कोणता दिवा पेटला आणि किती मिनिटांनी पंप थांबला, एवढे आठ-दहा दिवस लिहावे. दोष ठरावीक वेळी, सगळ्यांचे पंप चालू असतानाच येत असेल, तर तो पुरवठ्याचा. दंव पडलेल्या पहाटे किंवा पहिल्या पावसानंतर येत असेल, तर पेटीतील ओल किंवा चिरलेली केबल यांकडे पाहावे. वेळेशी, हवेशी व दाबाशी कशाशीच संबंध दिसत नसेल, तेव्हा सैल स्क्रू आणि उपकरण यांचा संशय घ्यावा. या दोहोंत सैल स्क्रू आधी.

मोबाईल यंत्र आणि ऑटो

मोबाईल यंत्राच्या तक्रारींत यंत्राचा दोष फार थोड्या वेळा असतो. सिमकार्डाची मुदत संपणे, विहिरीपाशी रेंज नसणे, अँटेना लोखंडी पेटीच्या आत राहणे, किंवा नोंद नसलेल्या क्रमांकावरून फोन करणे, यांपैकी काही तरी निघते. हिरवे बटण दाबून पंप चालतो की नाही, हे प्रथम पाहावे. चालत असेल तर सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून तपासावे. वादळी पावसात वीज कडाडल्यानंतर यंत्र मुके झाले असल्यास त्याचा आतील भाग जळाला असण्याचा संभव असतो. पेटीचे अर्थिंग धड नसेल तर नवे यंत्रही पुढच्या वळवात त्याच वाटेने जाईल.

ऑटोची गोष्ट निराळी आहे, कारण त्याचा त्रास एका पेटीपुरता राहत नाही. १०० केव्हीएच्या रोहित्रातून दर फेजला पूर्ण क्षमतेने सुमारे १३९ अँपिअर प्रवाह मिळतो. ५ अश्वशक्तीची मोटार चालू होतानाच्या क्षणी तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या सुमारे सहा पट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास, खेचते. वीज येताच १५ ऑटोंनी १५ पंप एकदम सुरू केले, तर मागणी ६७५ अँपिअरवर जाते. दाब कोसळतो, कॉइली थरथरून सुटतात, प्रिव्हेंटर लाल होतात, आणि काही सेकंदांनी सर्व ऑटो पुन्हा तोच प्रयत्न करतात. आपला ऑटो बिघडला, असे प्रत्येकास वाटते. वस्तुतः प्रत्येकाचा ऑटो चोख काम करीत असतो, आणि सर्वांनी मिळून रोहित्र जाळण्याचा घाट घातलेला असतो. रोहित्र जळाले की ते बदलून मिळेपर्यंत सर्वांचेच पीक वाळते. महावितरणने ऑटो स्विच काढण्याचे व कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे, ते याच कारणाने.

हे आवाहन पाळले का जात नाही, हेही समजण्यासारखे आहे. पौषातील थंडीत मध्यरात्री वीज येते. जुन्नर, आंबेगावसारख्या भागांत उसाच्या कडेने अंधारात विहिरीवर जाणे म्हणजे बिबट्याशी गाठ पडण्याची भीती असते, आणि सापाची भीती तर सर्वत्रच. ज्यास ऑटो अगदीच सोडवत नाही, त्याने निदान वेळ लांबविता येणारा ऑटो घ्यावा आणि एका डीपीवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून वेळा वाटून घ्याव्यात: पहिल्याने दोन मिनिटे, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा, याप्रमाणे. हिरव्या बटणात काडी खुपसून केलेला ‘ऑटो’ मात्र कोणीही वापरू नये. त्यात वेळ लांबविण्याची सोय नसते, आणि लाल बटण दाबून सोडताच पंप पुन्हा चालू होतो; म्हणजे अपघाताच्या वेळी पंप थांबविण्याचे साधनच नाहीसे होते.

तपासणी संपल्यावर तात्पुरती जोडलेली तार त्याच दिवशी काढावी आणि संरक्षक उपकरण, ते नवे असो वा जुने, पुन्हा रांगेत बसवावे. बदललेले सेटिंग, समाधानकारक चालत असतानाचे तिन्ही प्रवाह व दाब आणि तारांची साधी आकृती एका कागदावर काढून पेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावी. उपकरण मुदतीच्या आत बिघडले असल्यास त्याचे सील न फोडता, पावती व वहीतील नोंदी घेऊन दुकानदाराकडे जावे. तीन आकडे लिहून नेलेल्या गिऱ्हाइकास ‘तुमची मोटारच खराब आहे’ असे सांगून परत पाठविणे दुकानदारास सोपे जात नाही.